जागच्या जागीं

एखादा शिलालेख मूळ स्थानावरून उखडून दुसरीकडे नेला, कीं त्याचीं अक्षरें शाबूत राहिलीं तरी त्याची अर्धी साक्ष नाहींशी होते. तो देवळाच्या उंबरठ्याशीं होता कीं गांवाच्या शिवेवर, हें अक्षरांवरून कळत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित असलेली ही अडचण रसायनशास्त्रासही दीर्घकाळ छळीत होती. तींतून तें कसें सुटलें, हें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पदार्थाच्या कणांस विद्युद्भार देऊन निर्वात पोकळींतून धाडावें आणि विद्युत् व चुंबक ह्यांच्या बळानें हलके व जड कण निवडावे, हें मास स्पेक्ट्रोमीटर नामक यंत्राचें तत्त्व होय. केंब्रिज येथें जे. जे. टॉमसन ह्यांस १९१२ च्या सुमारास निऑन वायूंत २० व २२ भाराचे दोन प्रकारचे कण आढळले. त्यांचे सहकारी ॲस्टन ह्यांनीं १९१९ सालीं अधिक अचूक यंत्र सिद्ध केलें व १९२२ चें नोबेल पारितोषिक मिळविलें. वायूंचा तराजू असा तयार झाला. परंतु प्राण्याचें शरीर कांहीं वायूचें बनलेलें नाहीं. प्रथिनाचा महाकाय रेणू तापवूं गेल्यास उडण्यापूर्वींच मोडतो.

ह्यावर तोड निघाली १९८५ च्या सुमारास. जर्मनींत कारास व हिलेनकाम्प ह्यांनीं, लेसरचा प्रकाश शोषणाऱ्या दुसऱ्या द्रव्यांत नमुना मिसळला तर तो न मोडतां उडतो, असें दाखविलें. त्याच वर्षीं जपानांत शिमाद्झू कंपनींतील तरुण इंजिनियर कोइची तानाका ह्यांच्या हातून धातूच्या भुकटींत चुकून ग्लिसरीन पडलें. मिश्रण फेंकून देणें जिवावर आल्यामुळें त्यांनीं तें तसेंच तपासलें, आणि मोठे रेणू अखंड उडाले! २००२ च्या नोबेल पारितोषिकाचा एक वांटा तानाकांस मिळाला. जर्मन जोडी मात्र वगळली गेली. पुढें जगभर रूढ झाली ती बव्हंशीं त्या जोडीचीच रीत, ही गोष्ट न्यायबुद्धीच्या वाचकानें विसरूं नये.

तथापि ऊतक वाटून, विरघळवून तपासण्याचीच वहिवाट होती. काय आहे तें कळे, कोठें आहे तें हरपे. अमेरिकेंत रिचर्ड कॅप्रिओली ह्यांनीं १९९७ सालीं ऊतकाच्या पातळ कापावर लेसर बिंदुबिंदूनें फिरविला आणि कोणता रेणू कोठें आहे ह्याचा नकाशाच काढला. २००४ सालीं पर्ड्यू विद्यापीठांत ग्रॅहम कुक्स, झोल्तान ताकाच व त्यांचे सहकारी ह्यांनीं उघड्या हवेंतच विद्युद्भारित थेंबांचे तुषार पृष्ठभागावर मारले; उसळणारे थेंब तेथील रेणू घेऊन यंत्रांत शिरले.

ह्याचें मोल शस्त्रक्रियेच्या खोलींत कळतें. गांठ थोडी राहिली तर रोग पुन्हा उलटण्याची भीति. अधिक कापलें तर, विशेषतः मेंदूंत, वाचा किंवा हातपाय जाण्याची. तुकडा तपासून येईपर्यंत रोगी भूल दिलेल्या स्थितींत पडून राहतो. ताकाच ह्यांनीं पुढें लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत, विद्युत्शस्त्रानें कापतांना निघणारा धूरच यंत्रांत ओढला. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें ८१ शस्त्रक्रियांत यंत्राचें उत्तर मागाहून झालेल्या सूक्ष्मदर्शक-तपासणीशीं सर्वत्र जुळलें. आणि तें मिळण्यास दोनतीन सेकंदच पुरले.

येथें आमच्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकास एक गोष्ट विशेष वाटते. हें शस्त्र धूर ओळखतें तें जुन्या नोंदींशीं ताडून. आणि त्या नोंदी ३०२ रोग्यांच्या ऊतकांवरून, सूक्ष्मदर्शकाची साक्ष घेऊनच तयार झालेल्या होत्या. नवा साक्षीदार चपळ खरा, पण त्यास बोलावयास जुन्यानेंच शिकविलें आहे. म्हणून जुन्या सूक्ष्मदर्शकास निरोप देण्याची घाई कोणीं करूं नये, हेंच आमचें सांगणें.