वेरूळची वाट आणि कलेचा वर्ग

१९३४ साली चळवळीतील काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांजवळ एक साधी इच्छा व्यक्त केली. सगळ्यांनी मिळून सहलीस जावे आणि त्यात वेरूळची बौद्ध लेणी पाहावीत, अशी ती इच्छा होती. सुमारे तीस जणांची ही मंडळी नाशिकहून औरंगाबादकडे निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी ती थांबली. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतले आणि तेवढ्यावरून टाके बाटवल्याचा गिल्ला उठला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर आत कुठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. अस्पृश्यता एका धर्माच्या उंबरठ्यापाशी थांबत नाही, हे त्यांना त्यातून दाखवायचे होते.

हा प्रसंग आपण आजवर पाण्याचा प्रसंग म्हणून वाचत आलो. महाडशी त्याचे नाते जोडले, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. ही मंडळी लेणी पाहायला निघाली होती. उदरनिर्वाह, न्यायालय, सभा यांपैकी कोणतेही कारण त्या प्रवासामागे नव्हते. शिल्प डोळे भरून पाहावे, ते कोणी घडवले आणि कशासाठी घडवले हे समजून घ्यावे, एवढ्यासाठी माणसे घराबाहेर पडली होती. कलेकडे पाहण्याचा अधिकार हाही आपल्या संघर्षाचा एक भाग होता आणि तो विनासायास मिळालेला नाही. बॉथेलसारख्या गावात आपली मुले महाविद्यालयाच्या विषयांची यादी समोर घेऊन बसतात, तेव्हा या इतिहासाची उजळणी करावीशी वाटते.

आधी त्या लेण्यांचाच विचार करू. पश्चिम भारतातील बौद्ध लेणी ही केवळ राजांची निर्मिती नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दान दिल्याचा लेख आहे. तिथेच वेणुवासाचा पुत्र सामी या सुताराचेही नाव कोरलेले आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी ते काम केल्याची नोंद आढळते. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात खोदवले, हे आपण शिलालेखामुळेच जाणतो. मंत्र्याचे नाव दगडावर यावे यात नवल नाही. सुताराचे आणि हस्तिदंत कोरणाऱ्याचे नाव यावे, यात मात्र संघाच्या समाजदृष्टीची खूण आहे. हाताने काम करणारा माणूस येथे दाता म्हणून, कर्ता म्हणून नावानिशी उभा आहे.

पुढे बौद्ध धम्माचा ऱ्हास झाला, लेणी ओस पडली आणि कारागिराचे नावही पुसले गेले. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला वाघोरा नदीच्या घळीत अजिंठ्याची लेणी दिसली आणि तेव्हापासून त्यांच्याकडे जगाचे लक्ष वळले. १८५७ साली मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. या शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच १८८५ साली लंडनमधील आगीत जळाल्या, तरी उरलेल्या सामग्रीवरून ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. बुद्धाच्या जीवनाची आणि जातककथांची चित्रे अशा रीतीने आधुनिक शिक्षणाचा विषय झाली. ज्यांच्या वंशजांनी पुढे १९५६ साली लाखोंच्या संख्येने बुद्धाला शरण जायचे होते, त्यांना मात्र त्या काळी गावच्या शाळेतही बाहेर बसावे लागत होते.

याचा अर्थ आपल्या वस्त्यांत कला नव्हती असा नाही. कला भरपूर होती, पण ती लादलेली होती. हलगी वाजवणे, लग्नाच्या वरातीपुढे वाजंत्री धरणे, तमाशाच्या फडात नाचणे, ही कामे जातीने वाटून दिलेली होती. ज्याच्या हातात वाद्य होते त्याला ते खाली ठेवण्याची मुभा नव्हती. म्हणूनच बाबासाहेबांच्या हाकेला प्रतिसाद देऊन असंख्य गावांतील आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे थांबवले, तसेच गावकीचे वाजवणेही अनेकांनी थांबवले. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली, ही आठवण चळवळीत सांगितली जाते. आपल्या स्त्रियांना नाचवून मिळवलेल्या पैशावर त्यांच्या मुक्तीची चळवळ उभारता येणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता. त्याला कलेचा तिरस्कार समजणे चुकीचे ठरेल. कलावंताच्या गुलामीला दिलेला तो नकार होता.

कलेची ताकद चळवळीने फार लवकर ओळखली होती. महात्मा फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही. पुढे सत्यशोधक जलसे आले आणि त्या परंपरेतून आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी तो गावोगावी नेला. या जलशाची घडण पाहण्यासारखी आहे. तमाशाचा आकृतिबंध म्हणजे गण, गौळण, बतावणी आणि वग. जलसाकारांनी गणपतीला वाहिलेल्या गणाचा आशय पालटला, गौळणीतील शृंगाराला रजा दिली आणि बतावणीतील सवाल-जवाबात शिक्षण, पाणी, देवळे, सावकारी हे विषय आणले. ढोलकी तीच, प्रेक्षक तेच, पण रंगमंचावरचा माणूस आता कुणाच्या हुकमाने उभा नव्हता. वामनदादा कर्डकांची गाणी पुढे याच वाटेने घराघरांत पोहोचली.

या इतिहासात महाविद्यालयाने काय केले? त्याचे उत्तर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. भिक्खू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे नाव विद्यार्थ्यांच्या संस्थेला द्यावे, यामागचा विचार उघड आहे. शहराला लागून असलेल्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि वेरूळ तासाभराच्या अंतरावर. ज्या वाटेवर १९३४ साली हातपाय धुतल्याबद्दल अडवणूक झाली, त्याच परिसरात सोळा वर्षांनी बाबासाहेबांनी विद्येचे घर बांधले.

येथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. प्राचीन काळापासून आंबेडकरी चळवळीपर्यंतचा अस्पृश्यांचा प्रवास त्यात उभा केला आहे. मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले आणि १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपुरात धम्मदीक्षेसाठी जमलेल्या जनसागरापुढेही त्याचा प्रयोग झाला. वर्गात इतिहास शिकणारी मुले रंगमंचावर तो इतिहास जगत होती, आणि प्रेक्षकांत बसलेली, अक्षर न शिकलेली माणसे तो समजून घेत होती. याच नागसेनवनात अध्यापन करणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’च्या रूपाने दलित साहित्याला व्यासपीठ दिले. दत्ता भगत यांचे ‘वाटा-पळवाटा’, प्रेमानंद गज्वी यांचे ‘घोटभर पाणी’ आणि ‘किरवंत’ ही नाटके मराठी रंगभूमीला जातीच्या प्रश्नाकडे सरळ पाहायला लावणारी ठरली.

चित्रकला आणि चित्रपटातही हेच घडले. नागपूरचे सवी सावरकर यांनी नागपूर आणि बडोदा येथे रीतसर कलाशिक्षण घेतले, आणि गळ्यात मडके व पाठीला झाडू बांधलेला अस्पृश्य, देवदासी या प्रतिमा आधुनिक चित्रकलेत आणल्या. नागराज मंजुळे अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकत होते. ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा लघुपट त्याच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तयार झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यांच्या ‘फँड्री’मध्ये पकडलेले डुक्कर काठीला बांधून नेले जाते तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज यांची चित्रे दिसतात. एकही शब्द न उच्चारता दिग्दर्शक तेथे केवढे मोठे विधान करतो! ते विधान वाचता येणे म्हणजेच कलास्वाद, आणि तो शिकावा लागतो.

आता आपल्या घरांकडे पाहू. बॉथेल, रेडमंड, बेलव्ह्यू या परिसरातील आपण बहुतेक जण संगणक अभियंते आहोत. आपल्या आईवडिलांच्या पिढीतील अनेकांनी कला शाखेतून पदवी घेतली, नोकरी मिळवली आणि आपल्याला अभियांत्रिकीकडे पाठवले. तो निर्णय शहाणपणाचा होता. त्यानेच आपल्याला समुद्रापार आणले. मात्र त्याबरोबर एक समजही आपल्या सामानात आली: आर्ट्स म्हणजे कमी गुणांच्या मुलांची शाखा. हीच समज आपण आता मुलांच्या गळी उतरवत आहोत. अठरा वर्षांची मुलगी नाट्यशास्त्र किंवा कलेतिहास शिकायचे म्हणते तेव्हा घरात जी शांतता पसरते, ती आपल्या ओळखीची आहे.

त्या शांततेमागची भीती खोटी नाही. येथे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर प्रशिक्षणार्थी कामासाठी एका वर्षावर आणखी २४ महिने मिळतात. कलेच्या पदवीला ती वाढ नाही. भारतातही दार अरुंद झाले आहे. २०२२ साली केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे आपल्या मुलाने त्या पैशावर परदेशात अभियांत्रिकी शिकावी, पण अजिंठ्याचा किंवा जलशाचा अभ्यास करू नये. भारतावरील असे संशोधन मग कोण करणार? आपल्या बाजूने उत्तम काम झालेले आहे. मिनेसोटातील कार्लटन कॉलेजच्या एलिनॉर झेलियट यांनी आयुष्य या अभ्यासाला दिले. आयोवातील गॅरी टार्टाकोव्ह यांनी २०१२ साली दलित दृश्यकलेवरील ग्रंथ संपादित केला. या अभ्यासकांचे ऋण मोठे आहे. तरीही ज्यांच्या आजीने ती गाणी म्हटली, त्यांच्या नातवंडांनी या कामात नसावे हे बरे नव्हे.

येथे परिस्थिती आपल्याला अनुकूल आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाचे बॉथेल संकुल आणि कॅस्केडिया कॉलेज एकाच परिसरात, नॉर्थ क्रीकच्या पाणथळ भूमीशेजारी आहेत. या विद्यापीठात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही कला आणि मानव्यविद्येचे विषय घ्यावेच लागतात. अकरावी-बारावीतील मुलांना ‘रनिंग स्टार्ट’ योजनेखाली शिकवणी शुल्काशिवाय महाविद्यालयीन विषय शिकता येतात. आपल्या घरांत हे विषय ‘सोपे गुण’ मिळवण्यासाठी निवडले जातात. त्याऐवजी मुलांनी आपला वारसा त्या वर्गात न्यावा. निबंधासाठी ग्रीक शोकांतिका असते तेव्हा शेजारी ‘युगयात्रा’ ठेवता येईल. सार्वजनिक स्मारकांचा विषय असेल तेव्हा निळा कोट, हातातील संविधान आणि उंचावलेले बोट असलेला आपल्या चौकाचौकांतील पुतळा कसा घडत गेला, हे सांगता येईल. प्राध्यापकाला तो विषय नवा असेल, आणि मुलालाही तो घरी कुणाला तरी विचारावा लागेल.

बाबासाहेबांनी उतारवयात, प्रकृती साथ देत नसताना व्हायोलिन शिकायला घेतले होते. संविधानाच्या शिल्पकाराला कोणत्या परीक्षेसाठी ते शिकायचे होते? ज्या समाजाच्या हातात वाद्य सक्तीने दिले गेले, त्या समाजातील एका माणसाने ते आपल्या आवडीने हाती घेतले. जन्माने वाट्याला आलेली कला आणि स्वेच्छेने शिकलेली कला यांतला फरक त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार?

म्हणून या उन्हाळ्यात आपण एवढे करू. सिअ‍ॅटलच्या व्हॉलंटियर पार्कमधील आशियाई कला संग्रहालयात मुलांना घेऊन जाऊ. तेथील बौद्ध शिल्पांसमोर घाई न करता उभे राहू. मुद्रा, वस्त्राच्या चुण्या, दगडाचा प्रकार यांविषयी मुलांनाच बोलू देऊ. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना आठवणारी भीमगीते गाव, साल आणि गाणाऱ्याचे नाव यांसह ध्वनिमुद्रित करू. कार्ल्याच्या सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकले, कारण कुणीतरी ते कोरून ठेवले. आणि घरातल्या कुणाला हा विषय पुढे शिकायचा असेल, तर नोकरीचा, व्हिसाचा, खर्चाचा हिशोब त्याच्यासमोर प्रामाणिकपणे मांडू, मात्र त्या विषयाला कमी लेखून त्याचे मन वळवणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.