डिजिटल शाळा आणि मराठी भाषाशिक्षण : शहापूर व मुरबाड तालुके

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये प्रोजेक्टर, स्पर्शपडदा, टॅबलेट व मोबाइल यांच्या साहाय्याने मराठी भाषा व साहित्य शिकवण्याची पद्धती. तिचे सर्वांत परिचित उदाहरण शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील शाळा हे होय.

शहापूर तालुका संपूर्णपणे, तर मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूरच्या डोंगरांत आहेत. कसाऱ्यापर्यंत लोकलही धावते. परंतु रुळांपासून आत गेले की वाड्या-पाडे विखुरलेले आणि शाळा लहान, बहुधा एक-दोन शिक्षकी. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हाच मुख्य मार्ग. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी अशा समाजांची मुले घरची बोली घेऊन पहिलीच्या वर्गात येतात. पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांना अर्धी ओळखीची आणि अर्धी परकी वाटते. त्यामुळे येथील भाषाशिक्षणाचा खरा प्रश्न अक्षरओळखीच्याही आधी सुरू होतो : मुलाने वर्गात तोंड उघडावे कसे?

पष्टेपाड्याला जिल्हा परिषदेचे शिक्षक संदीप गुंड यांनी लोकवर्गणीच्या बळावर वर्ग डिजिटल केला, तोही राज्य शासनाचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा २२ जून २०१५ चा निर्णय येण्याआधी. या शाळेचे महत्त्व उपकरणांपेक्षा क्रमात आहे. आधी गाव उभे राहिले, मग पडदा आला. इतर जिल्ह्यांतून शिक्षक ही शाळा पाहायला येऊ लागले आणि लोकवर्गणीतून वर्ग सजवण्याची रीत राज्यभर पसरली.

अशा वर्गाची कमी खर्चाची रचना साधी असते. लॅपटॉपवरील चित्र प्रोजेक्टरने फळ्यावर पडते. अवरक्त प्रकाशाच्या पेनाची किंवा बोटाची जागा संवेदक टिपतात आणि फळाच स्पर्शपडदा होतो. मूल ‘क’ आणि ‘ष’ ओढून एकत्र आणते तेव्हा ‘क्ष’ तयार होताना त्याला दिसतो. काना, मात्रा, वेलांटी जागेवर बसवता येतात. विस्कटलेल्या शब्दांचे वाक्य जुळवता येते. चुकले तर पुन्हा ओढायचे, एवढेच. वहीत लाल रेघ पडण्याची भीती ज्या मुलाला गप्प बसवते, त्याच्यासाठी हा बदल फार मोठा आहे. त्याहून मोलाचे काम ध्वनिमुद्रण करते. आपणच वाचलेला उतारा परत ऐकताना मुलाला स्वतःचे अडखळणे कळते आणि ते न सांगता दुसऱ्यांदा वाचते.

साहित्य शिकवताना मात्र जपावे लागते. कवितेची एकच चाल वारंवार वाजवली की वर्ग ती सुरात म्हणतो, पण ओळीवर बोट ठेवायला सांगितल्यावर थांबतो. ऐकून पाठ झालेले वाचन नव्हे. म्हणून चित्रफीत मध्येच थांबवून पुढे काय होईल हे मुलांना विचारणारा शिक्षक हवा. केवळ चित्रफीत लावून देण्याला आंतरक्रिया म्हणता येत नाही. बहिणाबाई चौधरींच्या कविता आधी मुखी होत्या, पुत्र सोपानदेवांमुळे त्या कागदावर उतरल्या आणि १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. हा इतिहास पाड्यावरच्या वर्गाला सांगण्याजोगा आहे. वारली लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी, आजीच्या कहाण्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मुलांनीच लिहून काढल्या, तर बोली आणि पाठ्यपुस्तक यांच्यात पूल पडतो. माझ्या मते या दोन तालुक्यांत डिजिटल साधनांचा सर्वांत योग्य उपयोग हाच आहे, आणि तोच सर्वांत कमी झाला आहे.

राज्य पातळीवरील साधनांमध्ये बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेला ‘दीक्षा’ हा डिजिटल शिक्षण मंच हे प्रमुख होत. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी केला होता. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर खुले केले आहेत, आणि ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर चित्रमय मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात. दुर्गम शाळेला ग्रंथालय नसते, तिथे हा साठा मोठा आधार ठरतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या पद्धतीची मर्यादा उघड झाली. स्पर्शपडदा कुलपात राहिला. घरी असलाच तर एक फोन, तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, आणि डोंगराच्या आड नेटवर्क नाही. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेल्या ‘टिलीमिली’ मालिकेने इंटरनेटची अट काढली, तरी दूरचित्रवाणी संच नसलेली घरे बाहेरच राहिली. थकलेल्या बिलापायी वीज तुटणे ही जिल्हा परिषद शाळांची जुनी अडचण, म्हणून सौरपट्ट्या असलेले वर्गच पावसाळ्याबाहेर खात्रीने चालतात.

लिहिण्या-वाचण्याची ओढ पडद्याविनाही असते. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या साठीपुढच्या स्त्रिया तिथे पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. तिथे पडदा नव्हता. पोथी स्वतः वाचण्याची इच्छा होती. नातवंडांच्या शाळेतल्या साधनांवर या आजींच्या ओव्या आणि कहाण्या ध्वनिमुद्रित करणे कठीण नाही.

पडद्याची आणखी एक मर्यादा स्थलांतरात दिसते. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि मुले पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वर्गात बसवलेला पडदा त्यांच्यासोबत जात नाही. त्यांच्यासाठी आधीच उतरवून ठेवलेल्या, नेटविना चालणाऱ्या गोष्टी आणि भट्टीवर येऊन त्या वाचून घेणारा शिक्षक किंवा स्वयंसेवक, अशी वेगळी व्यवस्था लागते.