मोटारीचा मिटता टप : इतिहास आणि दुखणीं

कोंकणांतील माणसाला छपराचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. रत्नागिरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळून जातो. मिरग जवळ आला कीं घरोघर कौलें चाळलीं जातात, पडवीला झापांचा आडोसा बांधला जातो, आणि लावणीला निघालेला शेतकरी डोक्यापासून पाठीपर्यंत इरलें घेऊन शेतांत वाकतो. इरलें हें एका अर्थानें माणसाबरोबर चालणारें छप्परच होय. आणि बैलगाडीवर बांधलेला तट्ट्याचा टप हें त्याचेंच थोरलें भावंड. पाऊस आला कीं घालावयाचें व गेला कीं काढावयाचें, अशा छपराची कल्पना या प्रदेशाला परकी नाहीं. बटण दाबतांच ज्या मोटारीचा टप मागें मिटतो व पुन्हां दाबतांच डोक्यावर येतो, ती मोटार नवी असली तरी तिच्यामागची गरज जुनी आहे. मात्र इरलें कधीं अर्ध्या वाटेवर अडकत नाहीं. बटणाचा टप अडकतो. तो कां मंदावतो व कां थांबतो हें समजून घ्यावयाचें, तर त्याचा इतिहास पाहणें हाच सरळ मार्ग आहे. कारण या टपांत प्रत्येक पिढीनें जी नवी सोय घातली, तिच्याबरोबर एक नवें दुखणेंही घातलें.

मिटता टप मोटारीच्या आधींचा आहे. जर्मनींतील लांडाउ या गांवाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या घोडागाडीचा टप दोन भागांचा असे. एक पुढें मिटे, दुसरा मागें. मुंबईच्या रस्त्यांवर पिढ्यान् पिढ्या धांवलेल्या व्हिक्टोरियाचा टप एकाच बाजूनें, मागें मिटणारा. लोखंडी कमानी, त्यांवर ताणलेलें मेणकापड अगर कातडें, आणि कमानींना जोडणाऱ्या बिजागऱ्या, एवढीच त्याची सामग्री. तो अडकला तर कारण डोळ्यांना दिसे: बिजागरी गंजली, कापड आकसलें, किंवा कमान वांकली. गाडीवान थोडें तेल सोडी, एक दणका देई, आणि काम भागे.

१८८६ सालीं ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यास रत्नागिरीस आणण्यांत आलें. त्याच वर्षीं जर्मनींत कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें. त्या मोटारीला टप नव्हताच. थिबाचा राजवाडा १९१० सालीं पुरा झाला व १९१६ सालीं राजा रत्नागिरींतच मरण पावला. त्या तीस वर्षांत मोटार बाल्यांतून तारुण्यांत आली, परंतु तिचें डोकें बहुधा उघडेंच राहिलें. १९२० च्या सुमारास अमेरिकेंत दहांपैकीं नऊ मोटारी उघड्या, कापडी टपाच्या होत्या. पुढील दहा वर्षांत हें प्रमाण नेमकें उलटलें. पत्र्याच्या बंद मोटारी स्वस्त झाल्या, आणि पाऊस, धूळ व थंडी यांना कंटाळलेल्या लोकांनीं त्या उचलल्या. उघडी मोटार ही गरिबाची वस्तु होती, ती हौसेची झाली. आपल्याकडे तिला दरबारी कामही मिळालें, कारण मिरवणुकींत राजाचें दर्शन प्रजेला झालें पाहिजे. कोल्हापुरच्या दसऱ्याला सोनें लुटण्याच्या समारंभास निघणारी छत्रपति घराण्याची उघडी मेबॅक हें त्याचें आजही दिसणारें उदाहरण आहे.

हौसेच्या वस्तूला कष्ट शोभत नाहींत. अंगावर चांगले कपडे असतांना पावसांत उतरून कमानी ओढाव्या कोणीं? येथें यंत्र पुढें आलें. फ्रान्समधील जॉर्ज पोलां हा व्यवसायानें दंतवैद्य. त्यानें मोटारीचें सबंध कठीण छप्पर मागच्या डिकींत सरकविण्याची युक्ति काढली, आणि १९३० नंतरच्या दशकांत पेझो कंपनीनें ती ‘एक्लिप्स’ या नांवानें आपल्या मोटारींवर आणली. पेझो ४०२ जातीच्या मोटारींत हें छप्पर प्रथम विजेवर चाले. परंतु १९३६ सालीं त्याच कंपनीनें अधिक लांब चौकटीवर जी आवृत्ति काढली, तींत छप्पर हातानेंच हलवावें लागे. यंत्र घालणें सोपें, तें टिकविणें कठीण, या विद्येंतील पुढचा सारा वाद येथेंच सुरू झालेला दिसतो. पोलां याचा शेवट हृदयद्रावक आहे. दुसऱ्या महायुद्धांत तो जर्मनांविरुद्धच्या गुप्त कार्यांत सामील झाला, आणि १९४२ च्या मार्चमध्यें त्याला गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें.

अमेरिकेंत १९३९ सालच्या प्लिमथ मोटारीनें निराळी वाट धरली. चालत्या इंजिनाच्या हवा ओढून घेणाऱ्या नळींत निर्वाताचें जें बळ असतें, तें पुढच्या आसनामागील दोन नळकांड्यांत नेऊन त्यांतील दट्ट्यांकडून कापडी टप हलविला. युक्ति स्वस्त होती. परंतु हें बळ इंजिनाच्या मर्जीवर अवलंबून. इंजिन मंद फिरत असतांना ओढ भरपूर असते, आणि चढावर दट्टून हवा-पेट्रोल सोडलें कीं ती घटते. एखाद्या रबरी नळीला बारीक चीर पडली तरी टप रेंगाळे. घोडागाडीच्या टपाचें दुखणें डोळ्यांना दिसत होतें. हें आतां दिसेनासें झालें. हवा गळते तेव्हां ओल पडत नाहीं.

म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाच्या दाबाची पद्धति रूढ झाली. तिचें मूळ तत्त्व तीनशें वर्षांचें जुनें आहे. कोंडलेल्या द्रवावर एका जागीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हें फ्रान्सच्या पास्कालनें सतराव्या शतकांत दाखविलें. १७९५ सालीं ब्रामा या इंग्रज कारागिरानें त्यावर दाबयंत्राचें पेटंट घेतलें. मोटारीच्या ब्रेकांना हेंच तत्त्व १९२० नंतर लागू झालें, आणि मग टपालाही. विजेची छोटी मोटर पंप फिरविते, पंप तेलाला दाब देतो, तेल टपाच्या दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांत शिरून दट्टे ढकलतें, आणि कमानी उचलल्या जातात. मोटर उलट फिरली कीं तेल दुसऱ्या तोंडानें शिरतें व टप मिटतो. जनरल मोटर्सच्या युद्धोत्तर मोटारींत या कामास ब्रेकचेंच तेल वापरीत. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें, आंतून गंज चढवितें, आणि गळलें तर रंग खातें. पुढें बहुतेक कारखान्यांनीं खनिज जातीचें तेल स्वीकारलें. या दोन जातींचें हाडवैर आहे. एकाच्या टाकींत दुसरें ओतलें कीं आंतील रबरी सीलें फुगतात किंवा विरघळूं लागतात, आणि बरा होऊं शकणारा टप कायमचा पंगु होतो.

१९५१ सालीं जनरल मोटर्सच्या हार्ले अर्ल यानें ‘ल साब्र’ नांवाची प्रयोगाची मोटार दाखविली. तिच्यांत पावसाचा थेंब ओळखणारा अवयव होता. धनी गाडीजवळ नसला तरी थेंब पडतांच टप आपण होऊन वर येई. १९५७ सालीं फोर्ड कंपनीनें स्कायलायनर बाजारांत आणली. तिचें सबंध पोलादी छप्पर डिकींत शिरत असे. त्यासाठीं सात विजेच्या मोटरी, दहा रिले, दहा मर्यादा-स्विच, आठ सर्किट ब्रेकर आणि ६१० फूट तार एवढा संसार लागे, आणि काम सुमारें चाळीस सेकंदांत होई. डिकीचें झांकण पुरें उघडल्याची खूण स्विचानें दिल्यावांचून छप्पर हलावयाचें नाहीं; छप्पर बसल्याची खूण मिळाल्यावांचून झांकण मिटावयाचें नाहीं. एक खूण चुकली कीं सारी मालिका तेथेंच थांबे. तीन वर्षांत ४८,३९४ मोटारी निघाल्या, आणि १९५९ नंतर ही जात बंद झाली. परंतु ‘आधींची पायरी पुरी झाल्याशिवाय पुढची नाहीं’ हा तिचा नियम मागें राहिला. १९७६ सालीं कॅडिलॅक एल्डोराडो ही अमेरिकेची अखेरची उघडी मोटार म्हणून गाजली, ती अखेरची ठरली नाहीं. १९८२ पासून उघड्या मोटारी परतल्या. १९९६ सालच्या मर्सिडीझ एसएलके मोटारीनें कठीण छप्पर पंचवीस सेकंदांत डिकींत ठेवून दाखविलें. आतां त्या मालिकेवर संगणकाची देखरेख असते, एवढाच फरक.

हा इतिहास ध्यानांत घेतला म्हणजे मंद झालेल्या टपाची चिकित्सा कोणत्या क्रमानें करावी हें आपोआप समजतें. प्रथम कान द्यावा. बटण दाबल्यावर पंपाचा आवाज मुळींच येत नसेल, तर दोष विजेच्या बाजूचा: फ्यूज, रिले, बटण, किंवा पुढें जाण्याची परवानगी न देणारा एखादा स्विच. डिकी नीट लागलेली नाहीं, डिकींतील सामानाचा पडदा आपल्या जागीं नाहीं, अथवा मोटार थांबलेली नाहीं, एवढ्यानेंही पुष्कळ मोटारी हालचाल नाकारतात. आणि या गोष्टी कारागिराकडे जाण्यापूर्वीं घरींच पाहतां येतात. पंप जोरांत फिरतो पण टप हलत नाहीं, असें असेल तर दोष तेलाच्या बाजूचा: तेल कमी आहे, त्यांत हवा शिरली आहे, किंवा हातानें टप हलविण्यासाठीं ठेवलेली सुटकेची चकती उघडी राहिली आहे.

टप हलतो पण रेंगाळतो, हा प्रकार सर्वांत सामान्य. येथें प्रथम बॅटरी पाहावी. भरलेली बॅटरी विश्रांतींत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असतां हा आंकडा चौदाच्या आसपास जातो. इंजिन सुरू करतांच टप चपळ झाला, तर बॅटरी थकली आहे असें समजावें. तरीही फरक न पडल्यास पंपाच्या अर्थच्या तारेचा सांधा तपासावा. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत हा सांधा गंजतो, विजेला वाट अरुंद होते, आणि नवी बॅटरी घालूनही पंप दमल्यासारखाच फिरतो. कोंकणांत हें कारण विसरणें म्हणजे बॅटरीचे पैसे फुकट घालविणें होय.

वीज ठीक असेल तर मग तेल. त्याची पातळी कारखान्याच्या पुस्तकांत सांगितलेल्या स्थितींतच पाहावी. पुष्कळ मोटारींत ती टप खालीं मिटलेला असतांना पाहावयाची असते. पातळी उतरली असेल तर केवळ भर घालून समाधान मानूं नये. बंद मार्गांतील तेल जिरत नाहीं. तें कोठें तरी गळलेलेंच असतें, आणि नळकांड्याच्या तोंडाशीं किंवा आसनामागील गालिच्यावर त्याचा डाग सांपडतो. टप एका बाजूनें मागें राहत असेल, तर त्या बाजूचें नळकांडें किंवा त्याच बाजूची बिजागरी संशयास्पद. आणि दर वेळीं तो नेमक्या एकाच जागीं थांबत असेल, तर तेथें घासणारें कांहीं आहे काय हें पाहावें. घासत नसेल तर त्या पायरीची खूण देणारा स्विच आपलें काम करीत नाहीं.

पावसाळी प्रदेशांतील आणखी एक शत्रु अगदीं साधा आहे, तो म्हणजे झाडाचें पान. टपाच्या कडेचें पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. आंब्याफणसाखालीं उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या या नळ्या पाचोळ्यानें तुंबतात, पाणी डिकीच्या खोलगट कोपऱ्यांत सांचतें, आणि कित्येक मोटारींत पंप तेथेंच बसविलेला असतो. मे महिन्यांत घराचे पन्हळ साफ करण्याची जी चाल आहे, तीच या नळ्यांना लावावी. आणि चिकित्सा करतांना एक पथ्य कधींही मोडूं नये: अर्ध्यावर थांबलेल्या टपाला आधार दिल्यावांचून त्याच्या सांध्यांत हात घालूं नये. दाब सुटला तर ती चौकट क्षणांत खालीं येते, आणि बोटांना इजा करण्यास तेवढा क्षण पुरतो.

व्हिक्टोरियाच्या बिजागरीपासून संगणकापर्यंतच्या या वाटचालींत एक गोष्ट मात्र बदललेली नाहीं. यंत्र एकाएकीं बंद पडलें असें आपण म्हणतों, परंतु टप बहुधा आधीं सूचना देतो. पूर्वीं पंचवीस सेकंद लागत, आतां तीस लागतात, मग चाळीस. आवाज थोडा खोल होतो, एक बाजू किंचित् मागें राहते. ही सूचना एप्रिलच्या उन्हांत ऐकली तर काम थोडक्यांत आटोपतें. आंबा घाटांत पहिली मोठी सर अंगावर घेतांना ती आठवली, तर टप हातानें ओढण्यावांचून गत्यंतर नसतें, आणि शंभर वर्षांची प्रगति त्या घटकेपुरती पुसली जाते. शेतकरी आपलें इरलें मिरगाच्या आधीं माळ्यावरून काढून तपासतो, पावसांत तपासीत नाहीं. बटणावर चालणाऱ्या टपाच्या धन्यानेंही त्याच्यापासून एवढें शिकावें.