ओसरी आणि रस्ता : उज्जैनच्या लाकडी घरांची कथा

इ. स. १७९२ मध्ये विल्यम हंटर नावाचा एक शल्यवैद्य आग्र्याहून उज्जैनला आला. महादजी शिंदे त्याच वर्षी पुण्यास पोहोचले होते आणि शिंदेशाहीचा दरारा दिल्लीपासून दख्खनपर्यंत पसरला होता. हंटर हा चौकस गृहस्थ होता. या प्रवासाचे जे वृत्त त्याने पुढे 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये प्रसिद्ध केले, त्यात उज्जैनच्या मुख्य बाजाराचे थोडक्यात पण नेमके वर्णन आहे. रस्ता रुंद, सरळ आणि दगडांनी फरसबंद केलेला. दोन्ही अंगांना दुमजली घरे. तळमजला बहुधा दगडी असून त्यात दुकाने. रस्त्यावरून तेथे जाण्यास पाच-सहा पायऱ्या चढाव्या लागत. वरचा मजला विटांचा किंवा लाकडाचा आणि त्यात घरधन्याचे बिऱ्हाड.

वरवर पाहता हे वर्णन अगदी साधे आहे. परंतु त्या पाच-सहा पायऱ्या आणि तो लाकडी मजला यांत एका संपूर्ण नगररचनेचे बीज आहे. घर कोठे संपते आणि रस्ता कोठे सुरू होतो, या प्रश्नाचे उत्तर आजचा मनुष्य भिंतीकडे बोट दाखवून देईल. अठराव्या शतकातील उज्जैनकराला ते इतक्या चटकन देता आले नसते. त्याच्या घराच्या आणि रस्त्याच्या मध्ये एक पट्टाच होता. पायरी, ओटा, ओसरी, वरचा सज्जा आणि त्याची जाळी यांचा. हा पट्टा धड घरातला नव्हता आणि धड बाहेरचाही नव्हता. आणि तो शक्य झाला होता तो लाकडामुळे.

हे कसे, ते समजण्यासाठी मराठी वाड्याची बांधणी लक्षात घ्यावयास हवी. दगडाच्या किंवा मातीच्या घरात छताचा भार भिंत वाहते. म्हणून भिंतीला मोठे भगदाड पाडता येत नाही. लाकडी सांगाड्याच्या घरात भार खांबांवर असतो. जमिनीत दगडी तळखडा बसवावयाचा, म्हणजे खांबाला ओल लागत नाही. त्यावर सागवानी खांब उभा करावयाचा. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरलेला हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर फळ्यांचा पाट. भिंत केवळ खांबांमधील पोकळी भरून काढण्यापुरती. जेथे ती नको असेल तेथे ती गाळावी, घर खाली येत नाही. दोन खांबांमधील या अंतराला 'खण' म्हणतात, आणि जुन्या मराठीत घराचे मोजमाप याच खणांत सांगितले जात असे. एक खण भिंतीने भरला की खोली, जाळीने भरला की गवाक्ष, मोकळा ठेवला की ओसरी. तोच खांब, तीच तुळई आणि तीच नक्षी माजघरापासून रस्त्याच्या कडेपर्यंत अखंड चालत येते. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला घराच्या पोटातील रचना बाहेरूनच वाचता येत असे, आणि घरातल्या माणसाला रस्ता परका वाटत नसे.

उज्जैनच्या आकाशानेही या रचनेला साथ दिली आहे. हे नगर भारतीय ज्योतिषशास्त्राचे मध्यरेखेचे स्थान मानले गेले; सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात येथे वेधशाळा उभारली ती याच परंपरेला स्मरून. कर्कवृत्त येथून थोड्याच अंतरावर आहे. जून महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा वेळी दोन हात पुढे आलेला लाकडी सज्जा खालच्या ओसरीचे उन्हापासून सहज रक्षण करतो. उलट मार्गशीर्ष-पौषात तोच सूर्य मध्यान्ही क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांपर्यंतच चढतो. दक्षिणाभिमुख घरात त्याचे ऊन सज्ज्याखालून तिरपे आत शिरते आणि ओसरीवर बसलेल्या वृद्धांच्या पायांवर पडते. ज्या गावात ग्रहगोलांची गणिते मांडली गेली, त्या गावच्या सुतारांनी तेच गणित रंधा आणि करवतीने सोडविले होते.

घर आणि रस्ता यांमधील या पायऱ्यापायऱ्यांच्या नात्याला उज्जैनमध्ये वाङ्मयीन पुरावाही जुना आहे. देवलांच्या नाटकामुळे मराठी माणसाला घरोब्याचे झालेले शूद्रकाचे 'मृच्छकटिक' याच नगरीत घडते. त्यात वसंतसेनेच्या प्रासादाचे एकामागून एक आठ चौक ओलांडत मैत्रेय आत जातो, आणि प्रत्येक चौकात त्याला वेगळे जग दिसते. दरिद्री झालेल्या चारुदत्ताच्या घरी असे चौक नाहीत. पण उंबरठ्यावर बलि ठेवण्याची त्याची निष्ठा सुटलेली नाही. शूद्रकाच्या काळातील एकही घर आज उभे नाही, आणि त्या घरांपासून मराठी वाड्यापर्यंत सरळ रेघ ओढणे योग्य होणार नाही. तथापि घराचे दार म्हणजे क्रमाने उलगडत जाणारी वाट होय, ही जाण या नगरीला परकी नव्हती.

मराठ्यांनी ही जाण आपल्या पद्धतीने दृढ केली. माळव्याची वाटणी झाल्यावर उज्जैन राणोजी शिंद्यांकडे आले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. शिंद्यांच्या कारभाराबरोबर दक्षिणेतून कारकून, भिक्षुक, सावकार आणि शिलेदार माळव्यात येऊन स्थायिक झाले, आणि त्यांच्याबरोबर चौक-सोप्याच्या घराची कल्पनाही आली. माळव्याला स्वतःची लाकूडकामाची परंपरा होतीच. विंध्याच्या उतारांवर आणि नर्मदेच्या खोऱ्यात सागाची वने होती. या दोहोंच्या मिलाफातून उज्जैन, इंदूर, देवास, महेश्वर येथील मराठी वस्त्यांना त्यांचे रूप लाभले. पुण्याचा विश्रामबागवाडा ज्याने पाहिला आहे, त्याला त्याच्या दर्शनी भागातील सुरूदार खांब आणि कोरीव सज्जा यांची सोयरीक माळव्यात चटकन ओळखू येते.

या ओसरीवर काय चालत असे? कारकुनाची दप्तरे, सावकाराच्या चोपड्या, पंतोजींची शाळा, वैद्याची नाडीपरीक्षा, दुपारची सोंगट्यांची फळी आणि रात्री क्षिप्रेच्या स्नानासाठी आलेल्या यात्रेकरूची वळकटी. दार न उघडता ज्याला आश्रय देता येतो असे घर, हे तीर्थक्षेत्री फार उपयोगाचे असते. बारा वर्षांनी सिंहस्थाला लक्षावधी माणसे लोटत, तेव्हा हे ओटे आणि ओसऱ्या म्हणजेच शहराची धर्मशाळा होई.

त्यातही एक प्रसंग असा की ज्यात हे सारे लाकूड जिवंत होते. श्रावणातील सोमवारी महाकालाची पालखी नगरप्रदक्षिणेस निघते. उत्तरेकडील पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, दक्षिणेत अमावास्येला. उत्तरेकडचा श्रावण संपला तरी मराठी श्रावणाचा वद्य पक्ष उरतोच. म्हणून ही सवारी उत्तरेच्या भाद्रपदातील पहिल्या पंधरवड्यातही निघते. मराठी राज्यकर्त्यांनी या नगरीच्या रीतीत आपले पंचांग असे मिसळून दिले आहे. पालखी गुदरी चौकावरून रामघाटाकडे जाते आणि परतताना बायजाबाई शिंद्यांनी बांधविलेल्या गोपाळ मंदिरावरून येते. या अरुंद रस्त्यांवरील घरांना त्या दिवशी बाहेर पडावे लागत नाही. देवच त्यांच्या ओसरीपाशी येतो. पायऱ्यांवर पोरे, ओट्यावर पुरुष, सज्ज्यात स्त्रिया. प्रत्येकजण घरीच आणि प्रत्येकजण मिरवणुकीत.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. हा लाकडी पट्टा माणसांना जोडीत असे, तसाच त्यांना निवडीतही असे. कोणी पायरीखालीच उभे राहावयाचे, कोणी ओट्यावर टेकावयाचे, कोणी ओसरीवर पान खावयाचे आणि कोणी माजघरापर्यंत जावयाचे, हे जातीवरून आणि मानमरातबावरून ठरलेले असे. ज्याला पायरीही चढता येत नव्हती असा मनुष्य याच शहराचे रस्ते झाडीत होता. आणि जाळीआडच्या स्त्रीला सर्व रस्ता दिसत असे, पण रस्त्यावर तिला स्थान नव्हते. लाकडाचे कोरीवकाम सुंदर असले तरी त्याच्या भोकांतून पाहणाऱ्या डोळ्यांना ते नेहमीच सुंदर वाटले असेल असे समजण्याचे कारण नाही. जुन्या घराचे गुण सांगताना त्याने आखलेल्या सीमाही सांगितल्या पाहिजेत.

शिवाय लाकडाला एक जन्मजात शत्रू आहे. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांनी इंदूरवर चालून जाऊन सूड उगविला. तेथील राजवाडा अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडला. पुढे तो पुन्हा उभा राहिला. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत त्याला पुन्हा आग लागली. पुण्यात शनिवारवाड्याचेही तेच झाले. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीने लाकडी मजले नाहीसे केले आणि दगडी जोते तेवढे उरले. लाकडाने उघडे केलेले घर वैराच्या काळात सर्वांत आधी जळते. ज्या समाजात शेजाऱ्याचा विश्वास असतो, त्याच समाजाला असे घर परवडते.

तथापि उज्जैनच्या लाकडी घरांना आगीने जेवढे संपविले, त्याहून अधिक बदलत्या काळाने संपविले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी आपली राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्करात नेली. दरबाराबरोबर मोठी बांधकामेही गेली. पुढे रेल्वे आली. तिच्या रुळांखालच्या पाट्यांसाठी आणि पुलांसाठी लाकडाची मागणी वाढली. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या कायद्याने वने राखीव झाली. साग महाग झाला आणि लोखंडी तुळया, ओतीव कठडे व पुढे सिमेंट स्वस्त झाले. नव्या घराला मोकळा खण ठेवण्याची गरज उरली नाही. मोटारी वाढल्या तशी रस्त्याची धूळ आणि गोंगाट नकोसा झाला. ओसरीला प्रथम गज बसले, मग काचा, मग तिथे दुकानाचे लोखंडी दार आले. ओसरी नाहीशी झाली ती एका दिवसात नव्हे. एकेक खण बुजत गेला.

आता २०२८ चा सिंहस्थ जवळ येत आहे. त्याच्या तयारीत जुन्या शहरातील अनेक रस्ते रुंद करण्याची कामे हाती घेण्यात आली. कोट्यवधी यात्रेकरूंची सुरक्षितता ही काही क्षुल्लक बाब नव्हे; गर्दीत माणसे चिरडली जाऊ नयेत म्हणून रस्ता मोकळा हवा, हे कोणीही मान्य करील. परंतु रस्ता रुंद होतो तेव्हा प्रथम कापला जातो तो घराचा हाच पुढचा पट्टा. मोजणीच्या नकाशात ओटा आणि सज्जा यांची नोंद पुष्कळदा अडथळा किंवा अतिक्रमण म्हणूनच होते. माजघर वाचते, देवघर वाचते. ज्या भागाने ते रस्त्याशी बोलत होते तो भाग तेवढा जातो. मागे उरते ते कापलेल्या तोंडाचे घर, आणि त्याला पुन्हा तोंड देताना मालक हाताशी येईल ती सपाट भिंत उभी करतो.

जगात अन्यत्र याच पट्ट्याचा शोध नव्याने घेतला जात आहे. जपानी घरात खोली आणि बाग यांच्यामध्ये 'एंगावा' नावाची लाकडी ओसरी असते. तिचा अभ्यास करून पाश्चात्य वास्तुशिल्पी आतले लाकूड अखंड बाहेर नेऊ लागले आणि घराला अंगणाशी जोडू लागले. त्यांच्यासाठी तो नवा शोध आहे. उज्जैनच्या सुताराला मात्र तो शिकवावा लागला नव्हता.

सर्वच जुनी घरे जपता येणार नाहीत, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या सर्वच चालीरीती जपण्याच्या योग्यतेच्या नाहीत. तथापि जी ओसरी कोणाला पायरीशी थांबवीत असे, तिच्याच लाकडात सर्वांना टेकू देण्याचीही शक्ती होती. ती शक्ती वापरणे किंवा न वापरणे हे माणसांच्या हाती होते. नवा रस्ता आखताना दोन-चार पायऱ्या, एखादा सावलीचा सज्जा, थकलेल्या यात्रेकरूला बसण्याजोगा एक ओटा यांना जागा ठेवता आली, तर त्या जुन्या सुतारांचे ऋण काही अंशी फिटेल. श्रावणातल्या सोमवारी पालखी येईल तेव्हा तिला सामोरे जावयास केवळ भिंती उभ्या असू नयेत, एवढेच मागणे आहे.