देवदारात पावसाळा शोधताना

चाकणच्या कारखान्यांतून यंत्रांचे सुटे भाग घेऊन निघालेले मालट्रक कासारवाडीजवळ नाशिक फाट्याला मुंबई-पुणे रस्त्याला मिळतात. त्यांच्यावरची खोकी बहुधा फिकट पिवळ्या पाइनची असतात. फळीवर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह आणि ‘एचटी’ ही अक्षरे उमटवलेली असतात. याचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले आहे. खोक्यांतून कीड आणि पाइन मारणारे सूत्रकृमी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत, म्हणून हा आंतरराष्ट्रीय नियम २००२ मध्ये आला. त्याच फळीवर फिकट आणि गडद रेघा एकाआड एक दिसतात. फिकट पट्टा वसंतातल्या भराभर वाढीचा, गडद रेघ हंगाम संपत आल्याची. दोन्ही मिळून झाडाचे एक वर्ष.

हे लाकूड इथले नव्हे. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत पाइन, फर, देवदार हे सूचिपर्णी वृक्ष मुळात उगवतच नाहीत. साऱ्या दक्षिण भारताच्या वाट्याला या गटातली एकच मूळची जात आली, तीही नीलगिरी-अनैमलईच्या दमट रानात. तरीही सूचिपर्णी झाडांच्या वलयांवर भारतात ज्या मोजक्या ठिकाणी चिकाटीने काम झाले, त्यांत पुण्याचे नाव वरचे आहे.

पिंपरी-चिंचवड-भोसरीचे रूप पालटणारे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ ऑगस्ट १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्यात रामदुर्ग हाउसमध्ये उष्णप्रदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली. १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली आणि आज ‘आयआयटीएम’ या नावाने पाषाणला आहे. मान्सूनचा स्वभाव समजून घेणे हे तिचे मुख्य काम. त्यासाठी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशभरच्या ३०६ पर्जन्यमापकांच्या नोंदी जुळवून अखिल भारतीय पावसाची एक मालिका सिद्ध केली. ती १८७१ पासून सुरू होते.

अडचण नेमकी तिथेच होती. मान्सूनची चढउतार दशकांच्या, कधी शतकांच्या लयीत होते आणि हातात जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचे आकडे. पर्जन्यमापकाच्या आधीचा पाऊस कुठे नोंदला गेला असेल?

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत तयार होते. अँड्र्यू एलिकॉट डग्लस हा खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांचे चक्र शोधत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲरिझोनातल्या पाइनच्या बुंध्यांकडे वळला. एकाच प्रदेशातल्या झाडांत कोरड्या-ओल्या वर्षांप्रमाणे अरुंद आणि रुंद वलयांचा क्रम सारखाच असतो, हे त्याच्या ध्यानात आले. जिवंत झाडाच्या आतल्या वलयांचा क्रम जुन्या तुळईच्या बाहेरच्या वलयांशी जुळला, की कालगणना मागे नेता येते. जून १९२९ मध्ये शो लो या गावी सापडलेल्या एका जळक्या तुळईने दोन तुटक मालिकांमधला दुवा सांधला आणि तिथल्या प्राचीन वस्त्यांच्या बांधकामाची वर्षे नेमकी कळली. वलयांच्या या शास्त्राला डग्लस फर हा वृक्ष फार उपयोगी पडला. त्याचे बी १८२७ मध्ये इंग्लंडला पाठवणारा वनस्पतिसंग्राहक डेव्हिड डग्लस. खगोलशास्त्रज्ञ डग्लसशी त्याचा संबंध नाही. न्यू मेक्सिकोतल्या एल मालपाइसच्या लाव्हावर हा फर हजार वर्षांहून अधिक जगतो. तिथल्या डग्लस फर आणि पाँडेरोसा पाइनवरून २,१२९ वर्षांच्या पावसाचा अंदाज बांधता आला.

भारतात वलये मोजणे नवे नव्हते. डिट्रिख ब्रँडिस यांच्यापासूनचे वनाधिकारी ती मोजत, पण झाड तोडणीला कधी येईल हे ठरवण्यासाठी. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत के. ए. चौधरी यांनी १९३९-४० च्या सुमारास भारतीय झाडांत वलये कशी तयार होतात याचा बारकाईने अभ्यास केला. उष्ण प्रदेशात कडक हिवाळा नसतो, त्यामुळे पुष्कळ झाडांत वर्षाची सीमारेषा उमटतच नाही. साग त्याला अपवाद. तो कोरड्या ऋतूत पाने गाळून थांबतो आणि नव्या हंगामाला मोठ्या नलिकांची ठळक रांग काढतो.

म्हणून पुण्याचा आरंभही सागापासून झाला. संस्थेतल्या जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे परिसरातल्या सागाची वलये आणि तिथले हवामान यांवर निबंध लिहिला. त्यानंतर मोहरा हिमालयाकडे वळला. देवदार, स्प्रूस आणि फर दीर्घायुषी असतात आणि त्यांची वलये सुस्पष्ट. पोकळ गिरमिट खोडात फिरवून पेन्सिलीहून बारीक नमुना काढायचा, तो लाकडी पट्टीवर चिकटवायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक वलयाची रुंदी मोजायची. झाड मरत नाही. वयाबरोबर वलये आपोआप अरुंद होत जातात. तो भाग गणिताने वगळला की उरते ती हवामानाची नोंद.

या झाडांवरून बोरगावकर, पंत आणि के. रूपकुमार यांनी १९९४ मध्ये श्रीनगरच्या उन्हाळी पावसाची अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची मालिका मांडली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ त्याआधीच काश्मीरच्या झाडांतली समस्थानिके तपासत होते.

पण पश्चिम हिमालयातल्या देवदाराने पुणेकरांना हवे होते ते सांगितले नाही. त्याच्या वलयांचा मेळ मान्सूनशी नव्हे, तर मार्च ते मे या काळाशी बसला. कारण सरळ आहे. झाडाची वाढ वसंतात सुरू होते. तेव्हा ऊन कडक आणि सरी कमी असल्या तर माती सुकते आणि वलय अरुंद राहते. पावसाळा येईतो पाण्याचा तुटवडा संपलेला असतो, म्हणून चार धारा कमी-जास्त पडल्याने फारसे बिघडत नाही. हिमनद्यांजवळच्या उंचीवर तर हिशेब आणखी वेगळा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अलीकडच्या दशकांत देवदाराची वाढ जोमाने झालेली दिसली. तापमान वाढण्याचा आणि गंगोत्री हिमनदी झपाट्याने मागे सरण्याचा काळही तोच.

मान्सूनसाठी पुन्हा सागाकडे यावे लागले. मध्य भारतातल्या तीन ठिकाणच्या सागावरून २००८ मध्ये दिसले की त्याची वाढ तापमानापेक्षा पावसाळ्यातल्या पावसावर आणि मुळांशी असलेल्या ओलाव्यावर ठरते. २०१० मध्ये केरळातल्या सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका प्रसिद्ध झाली. तिच्यातली बरीच अरुंद वलये एल निनो आणि अपुऱ्या मान्सूनच्या वर्षांशी जुळली.

त्याच वर्षी एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी आशियाभरच्या वलयांवरून दुष्काळांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात १८७६-७८ चा महादुष्काळ आहे, तसाच १७९०-९६ चाही. मराठी मुलुखात या दुसऱ्या दुष्काळाची आठवण ‘कवटीचा दुष्काळ’ म्हणून आहे. त्या वेळी सवाई माधवराव पेशवे होते आणि आयआयटीएमच्या पावसाच्या मालिकेला सुरुवात व्हायला जवळपास ऐंशी वर्षे अवकाश होता. १८७६ चा दुष्काळ पर्जन्यमापकांनीही टिपला, त्यामुळे वलयांची साक्ष आकड्यांवर पारखता येते. १७९० च्या दशकासाठी झाडे आणि जुने कागद यांचाच आधार आहे. त्या काळचे कागद पुण्यातच, पेशवे दप्तरात, आहेत. तेवढी जुनी सागाची झाडे मात्र केरळच्या रानात सापडली.