ओटीवरून सोफ्यावर: रायगड किनाऱ्यावर कोण कुठे बसलं?



आज आपण मखमली सोफ्याबद्दल बोलणार आहोत. अलिबाग, रेवदंडा, मुरूड या पट्ट्यात नव्या घरांतून, बंगल्यांतून आणि आता साध्या घरांतूनही हा सोफा दिसायला लागला आहे. बुटका, फुगीर, इंग्रजी 'एल'च्या आकाराचा, गडद हिरवा नाहीतर मोरपंखी. दुकानदार त्याला 'रेट्रो सेक्शनल' म्हणतो. रेट्रो म्हणजे जुन्या धाटणीचा आणि सेक्शनल म्हणजे सुटे भाग जोडून केलेला.

ही जुनी धाटणी कुणाची? दुकानातलं उत्तर इटली आणि फ्रान्सकडे जातं. १९७० मध्ये मारिओ बेल्लिनीने 'कामालेओंदा' नावाचा सुट्या गाद्यांचा सोफा काढला. १९७३ मध्ये मिशेल द्युकारोयचा 'तोगो' आला, जमिनीलगतचा, सगळा फोमचा. आजच्या बहुतेक मालावर या दोघांची छाया आहे. पण मंडळी, जमिनीलगत बसायचं, सुट्या गाद्या लागतील तशा मांडायच्या, मागे टेकायला मऊ काहीतरी घ्यायचं, हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको होतं. जाजम, त्यावर गादी, पाठीशी लोड, कोपराखाली तक्क्या. पाहुणे चार आले तर चार गाद्या, चाळीस आले तर जाजम वाढवायचं. पाहुणे गेले की गुंडाळून माळ्यावर. आपली बैठक हीच मुळात सेक्शनल होती.

शब्दांकडे बघा. 'सोफा' हा शब्द अरबी 'सुफ्फा'वरून आला आणि त्याचा अर्थ चौथरा, उंच केलेली बसायची जागा. आपल्याकडे घराच्या पुढच्या बसायच्या भागाला 'सोपा' म्हणतात. दोन शब्द शेजारी ठेवून बघा, कानाला कसे लागतात ते. 'मखमल' अरबी, 'खुर्ची' अरबी, 'अलमारी' पोर्तुगीज, 'कोच' इंग्रजी. बंदराच्या मुलखातलं घर आहे, त्यात प्रत्येक गलबतातून काहीतरी उतरलेलं असणारच.

आणि नुसतं उतरलं असंही नाही, इथून बाहेरही गेलं. आपल्या चौलचं उदाहरण घ्या. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता. चौलच्या रेशमी कापडाची त्याने तोंडभरून स्तुती केली आहे. इथे चिनी धाटणीच्या पेट्या, कपाटं आणि रंगीत लाखेचं काम केलेले पलंग बनत, असंही तो लिहितो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरचे विणकर आणि सुतार परक्या धाटणीचा माल बनवून विकत होते. आज आपण परक्या धाटणीचा माल विकत घेतो. एवढाच उलटा फेरा झाला आहे. तेव्हा सोफा आला आणि संस्कृती बुडाली, असं कुणी म्हणालं तर त्यांना चौलला घेऊन जा.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. बसण्याच्या वस्तूचा इतिहास मऊपणाचा कमी आणि मानाचा जास्त असतो. आपल्या जुन्या घराची रचनाच बघा. पुढे अंगण, मग पडवी, मग दोन-तीन पायऱ्या वर ओटी, आत माजघर. ओटीवर झोपाळा. झोपाळ्यावर घरातला कर्ता पुरुष. पाहुणा तोलामोलाचा असेल तर ओटीवर, जाजमावर. बायका माजघरात, पुरुष पाहुणे असताना सून ओटीवर येऊन बसली, हे घडत नसे. खोताचं घर असेल तर कुळ अंगणात, फार तर पायरीशी टेकलेलं. आणि ज्यांना गावाने अस्पृश्य ठरवलं होतं, त्यांना अंगणाच्याही बाहेर उभं राहावं लागे. घराच्या जोत्याची प्रत्येक पायरी ही समाजाची पायरी होती. ती लिहिलेली नव्हती, पण चुकून वर पाय पडला तर लगेच कळायची.

ही रचना आपोआप मोडली नाही. आपल्या जिल्ह्याने त्यासाठी किंमत मोजली आहे. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. भांडण पाण्याचं होतं, पण मूळ प्रश्न तोच: सार्वजनिक जागेत मी तुमच्या बरोबरीने उभा राहू शकतो की नाही? मग १९३३ ते १९३९ चरीचा संप. अलिबाग तालुक्यातल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली खोतांची शेतं कसायचं बंद केलं. सहा वर्षं घरात भात पिकलं नाही, तरी लोक मागे हटले नाहीत. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती रद्द करण्याचा कायदा झाला. जमीन कुळाच्या नावावर लागली तशी त्याच्या घरालाही ओटी आली. ज्याचा आजा पायरीशी टेकायचा, त्याच्या नातवाने खुर्ची घेतली, मग कोच घेतला. या घरात सोफा म्हणजे चैन एवढाच अर्थ काढला तर आपण इतिहास वाचलाच नाही.

बरं, हा सोफा बनला कशाचा? मखमल पूर्वी रेशमाची. विणताना जास्तीचे धागे वर काढून कापायचे, म्हणजे केसांसारखी लव उभी राहते. मेहनत फार, म्हणून ती दरबारात, पालखीत, देवाच्या गादीवर. आजची बहुतेक मखमल पॉलिस्टरची आहे. आणि इथे आपला जिल्हा पुन्हा गोष्टीत येतो. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. १९८२ मध्ये याच जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. आणि त्याच १९८२ च्या जानेवारीत मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, त्यातले कितीतरी कोकणातले. त्यांच्या मनीऑर्डरवर गावाकडची घरं चालायची. एक दुसऱ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण मुंबईत सुती गिरण्यांचे भोंगे बंद होत होते, तेव्हा इकडे खाडीपलीकडे पॉलिस्टरचा धागा निघायला लागला होता. दरबारातली मखमल सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात आली ती या धाग्यामुळे. संप करून परतलेल्या गिरणी कामगाराच्या घरात आज पॉलिस्टरची मखमल असेल, तर त्या सोफ्यात दोन्ही इतिहास आहेत.

आता या सोफ्यासोबत राहायचं कसं, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे, कारण जुन्या वस्तू इथल्या हवेने घडवल्या होत्या. जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाऱ्यात मीठ असतं आणि मीठ ओल धरून ठेवतं. पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी फारसं पीत नाही, हे त्याच्या बाजूने. पण आतला फोम पितो, आतलं लाकूड फुगतं, खिळे आणि स्प्रिंगा गंजतात. लवेत धूळ अडकते, त्या धुळीवर बुरशी धरते. श्रावणात सोफ्याला कुबट वास येतो तो यामुळे. झोपाळ्याची सागवानी फळी पुसली की झालं. गादी-लोड उन्हात टाकले की झालं. पाच जणांना न उचलणारा सोफा उन्हात टाकणार कसा?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळलं. कौलं, पत्रे उडाले, माडा-पोफळीच्या वाड्या झोपल्या, कित्येक गावांत पुढे बरेच दिवस वीज नव्हती. छप्पर गेल्यावर पाऊस थेट घरात. अशा वेळी लाकडी बाक वाळतो, सतरंजी पिळता येते. फोम भिजला की तो आठवडाभर आतून ओलाच राहतो, आणि वीज नसताना पंखाही नाही. 

म्हणून घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. सेक्शनल घ्यायचाच तर खरोखर सुटा होणारा घ्या. एकेक भाग दोघांना उचलता आला पाहिजे. खोळीला चेन असावी, काढून धुता यावी. खाली चार-सहा इंच पाय असावेत, म्हणजे हवा खेळते आणि केरसुणी जाते. भिंतीला चिकटवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. मखमलीवर हाताचा ठसा दिसला तर घाबरू नका, तो डाग नसतो, लव आडवी झालेली असते, उलटा हात फिरवा. आणि आपल्या आज्यांनी लोड-तक्क्यांचं जे केलं ते करा: पावसाळा संपला, ऊन पडलं की गाद्या अंगणात.

एक शेवटचं. या 'एल' आकाराच्या सोफ्याला मानाची जागा नाही. झोपाळ्यासारखा एकाचा हक्क नाही, सगळे एकाच उंचीवर बसतात. पण घरोघरी नीट बघा. सोफ्यावर कोण बसतं, आणि चहा आणून देणारी सून, भांडी घासायला येणारी बाई, वाडीत कामाला येणारा आदिवासी गडी, हे कुठे बसतात? गडी अजून पायरीशीच टेकत असेल, बाई जमिनीवरच कप घेत असेल, तर ओटी गेली तरी पायऱ्या तशाच राहिल्या. त्यांना 'वर बसा' म्हणायला नवा सोफा लागत नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि कुणाच्या घरी जुने लाखकामाचे पलंग असतील, तर मला भेटून सांगा.