साहेब व्हायचं नाकारणारा साहेब

दोन महिन्यांपूर्वी माझ्या हाताखाली सहा माणसं आली. तोपर्यंत मी आपला माझ्या डिटेक्टरांमध्ये सुखी होतो. बढतीची बातमी बाबांना फोनवर सांगितली तर ते म्हणाले, "आता जरा आवाज चढवायला शीक. धाक नसला की कामं होत नाहीत." बाबांनी उभी हयात कारखान्यात काढली आहे, त्यामुळे त्यांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. पण धाकाने काय होतं तेही मी पाहिलंय. इंजिनिअर झाल्यावर वर्षभर मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात होतो. तिथल्या टेस्ट बेंचवरचा प्रेशर गेज चुकीचं दाखवतो, हे एका हेल्परला महिनाभर ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलं नाही. आधी ज्याने असं काही सांगितलं होतं, त्याची साहेबांनी सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली होती. महिन्याभराचा माल परत आला, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं.

असो. सांगायचं आहे ते दुसऱ्याच एका साहेबाबद्दल.

मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे डिटेक्टर बनवतो. या धंद्यात केंब्रिजच्या एमआरसी रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेचं नाव दर दोन दिवसांनी कानावर येतंच. आपल्या बडोद्यात वाढलेले वेंकी रामकृष्णन तिथलेच, नोबेल २००९. आमच्या मायक्रोस्कोपवाल्यांचे रिचर्ड हेंडरसन तिथलेच, नोबेल २०१७. फ्रेडरिक सँगर तर रसायनशास्त्राची दोन नोबेल मिळवून बसले, १९५८ आणि १९८०. आता एका छपराखाली एवढी माणसं म्हटल्यावर वाटतं की वर कोणीतरी कडक हेडमास्तर छडी घेऊन बसला असणार. पण १९६२ मध्ये प्रयोगशाळेच्या स्वतंत्र इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हापासून १९७९ पर्यंत वर बसले होते मॅक्स पेरुट्झ. बुटकेसे, टक्कल पडलेले, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. आणि 'वर बसले होते' हेही चूकच, कारण ते बहुतेक वेळ आपल्या बेंचवर हिमोग्लोबिनचे स्फटिक घेऊन काम करत असायचे.

पेरुट्झ मूळचे व्हिएन्नाचे, जन्म १९१४. १९३६ मध्ये केंब्रिजला संशोधनासाठी आले. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू वंशाचं हे कुटुंब निर्वासित झालं. १९४० मध्ये ब्रिटिशांनी त्यांनाच 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून पकडून कॅनडाच्या छावणीत धाडलं. पुढच्या वर्षी सुटले. परत येऊन पुन्हा तेच हिमोग्लोबिन! रक्तातल्या या प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी शोधायची, हा नाद त्यांना १९३७ पासून होता. बहुतेकांच्या मते ते अशक्य होतं. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग मात्र पाठीशी उभे राहिले. १९४७ मध्ये त्यांच्याच खटपटीने पेरुट्झ आणि जॉन केंड्रू अशा दोघांचं एक चिमुकलं युनिट सुरू झालं.

या युनिटमधला १९५१ सालचा एक प्रसंग मला फार आवडतो. तेव्हा तिथे पीएचडी करणारा एक विद्यार्थी होता. वय ३५, युद्धात नौदलासाठी सुरुंगांवर काम केल्यामुळे मागे पडलेला, बोलणं मोठ्याने आणि हसणं त्याहून मोठ्याने. नाव फ्रान्सिस क्रिक. गाइड अर्थातच पेरुट्झ. या क्रिकने एका सेमिनारात उभं राहून दाखवून दिलं, की ही मंडळी ज्या पद्धतींनी प्रथिनांची रचना शोधताहेत त्यांतली जवळजवळ एकही कामाची नाही. पेरुट्झनी चौदा वर्षांच्या मेहनतीतून हिमोग्लोबिनचं जे चित्र उभं केलं होतं, साधारण टोपीच्या डब्यासारख्या आकाराचं, तेही त्याने मोडीत काढलं. जरा आशा होती ती एकाच मार्गात: स्फटिकाची ठेवण न बिघडवता रेणूला जड अणू चिकटवायचे आणि क्ष-किरणांच्या चित्रांत पडणारा फरक मोजायचा. हे सगळं खुद्द ब्रॅगसाहेबांच्या समोर.

ब्रॅग भडकले. भडकणारच, क्रिकच्या आवाजाने ते आधीच त्रासले होते. पण ज्याचं घर पाडलं गेलं होतं त्या पेरुट्झनी काय केलं? हिशेब तपासला आणि पोरगा बरोबर आहे हे मान्य केलं. मी माझ्या पीएचडीच्या दिवसांत गाइडच्या समीकरणातलं एक अधिक-उणे चिन्ह चुकलंय हे सांगायला तीन आठवडे घेतले होते, म्हणून या प्रसंगाचं मला अप्रूप. क्रिक टिकला. १९५३ मध्ये पेरुट्झनी हिमोग्लोबिनला पाऱ्याचे अणू जोडून तोच मार्ग चालतो हे सिद्ध केलं. रचना हाती यायला १९५९ उजाडलं. एकूण बावीस वर्षं.

आता कोणी म्हणेल, माणूसच थंड असेल, त्याला राग येतच नसेल. तसं मुळीच नाही. त्याच १९५१ मध्ये अमेरिकेतल्या लायनस पॉलिंगनी प्रथिनांच्या साखळीची मळसूत्री रचना, अल्फा हेलिक्स, प्रसिद्ध केली. आदल्याच वर्षी ब्रॅग, केंड्रू आणि पेरुट्झ या तिघांनी याच प्रश्नावर मोठा लेख लिहून खरं उत्तर हुकवलं होतं. शनिवारी सकाळी पेरुट्झनी पॉलिंगचा लेख वाचला. घरी जेवायला गेले ते तिरीमिरीतच. मुलांशीही बोलले नाहीत. मग एकदम डोक्यात आलं, की पॉलिंगची रचना खरी असेल तर १.५ अँगस्ट्रॉम अंतर दाखवणारा एक ठिपका क्ष-किरणांच्या चित्रात दिसायलाच हवा. आजवर तो कोणी पाहिला नव्हता, कारण नमुना त्यासाठी लागेल तसा तिरका कोणी ठेवलाच नव्हता. तडक प्रयोगशाळेत जाऊन, ड्रॉवरमध्ये पडलेला घोड्याचा केस ३१ अंशांत तिरका धरून त्यांनी फोटो काढला. ठिपका होता! सोमवारी ब्रॅगना दाखवला. हे सुचलं कसं, असं त्यांनी विचारलं तेव्हा पेरुट्झ म्हणाले, स्वतःच्या रागातून. त्यावर ब्रॅग म्हणाले की तुम्हाला मी याआधीच चिडवायला हवं होतं. पेरुट्झच्या १९९८ च्या निबंधसंग्रहाचं नावच या वाक्यावरून पडलं आहे. मला यातली मोलाची गोष्ट ही वाटते की तो राग सहकाऱ्यांवर निघाला नाही, घोड्याच्या केसावर निघाला.

१९६२ मध्ये नवी इमारत झाली तेव्हा ते संचालक झाले नाहीत. केंड्रू, क्रिक, सँगर यांच्यासारख्यांचं एक मंडळ आणि आपण त्याचे फक्त अध्यक्ष, एवढंच घेतलं. आणि मुख्य म्हणजे कँटीन! वरच्या मजल्यावर सगळ्यांसाठी एकच. व्यवस्था पाहायच्या त्यांच्या पत्नी जिझेला. सकाळची कॉफी, जेवण, दुपारचा चहा. नोबेलवाला आणि नवा विद्यार्थी एकाच टेबलाशी. आपल्याकडच्या कित्येक संस्थांमध्ये साहेबांचा चहा ट्रेमधून केबिनमध्ये जातो, त्यातला फरक चहाच्या चवीचा नसतो.

सिडनी ब्रेनर यांनी १९६३ मध्ये पेरुट्झना पत्र लिहिलं की मला मिलिमीटरभर लांबीच्या एका गोलकृमीवर काम करायचं आहे. करा म्हणाले. त्यावरचा पहिला मोठा शोधनिबंध १९७४ मध्ये आला! अकरा वर्षं. आमच्याकडे तीन महिन्यांनी आलेख वर गेला नाही तर मीटिंग लागते. त्याच कृमीने २००२ मध्ये ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना नोबेल दिलं. पेरुट्झ त्या वर्षीच्या फेब्रुवारीत वारले, त्यामुळे त्यांना ते पाहायला मिळालं नाही.

इथवर वाचून हे संतचरित्र वाटायला लागलं असेल, तर दुसरी बाजूही सांगायला हवी. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या कामाची पाहणी करायला एमआरसीची समिती गेली होती. पेरुट्झ सभासद. समितीला मिळालेल्या अहवालात रोझलिंड फ्रँकलिनच्या डीएनएवरच्या मोजमापांचा सारांश होता. फेब्रुवारी १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी अहवाल मागितला, आणि पेरुट्झनी तो दिला. त्यातली स्फटिकाची सममिती क्रिकने लगेच ओळखली, कारण तो ज्यावर पीएचडी करत होता त्या घोड्याच्या हिमोग्लोबिनची सममितीही तीच होती. डीएनएच्या दोन साखळ्या उलटसुलट दिशांनी धावतात, हे त्याला त्यातून कळलं. फ्रँकलिनला कोणी विचारलं नाही. ती १९५८ मध्ये वारली, वय ३७.

१९६८ मध्ये वॉटसनच्या पुस्तकाने हे बाहेर काढलं आणि पेरुट्झवर टीकेची झोड उठली. १९६९ मध्ये त्यांनी 'सायन्स'मध्ये खुलासा छापला: अहवाल गोपनीय नव्हता, पण किंग्जच्या प्रमुखांना विचारणं हे सौजन्य होतं आणि ते आपण दाखवलं नाही; आपण अशा बाबतींत अननुभवी आणि बेफिकीर होतो. कबुली प्रामाणिक आहे. पण मला बोचतं ते हे, की समोर बसलेल्या दोघांना नाही म्हणणं त्यांना जमलं नाही, किंवा सुचलं नाही. त्यांचा सगळा मऊपणा टेबलाशी बसलेल्यांच्या वाट्याला आला. पन्नास मैलांवर बसलेल्या बाईच्या वाट्याला तो आला नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण मागचा शुक्रवार. आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या एका मुलीने चहाच्या वेळी लॅपटॉप पुढे सरकवला आणि म्हणाली, डिटेक्टरच्या गोंगाटासाठी तू तीन वर्षांपूर्वी लिहिलेली दुरुस्ती कमी उजेडात चुकते. माझे कान तापले, खोटं कशाला बोला. मग आकडे पाहिले. तिचं बरोबर होतं. आमच्या पुरतं ते दुपारपर्यंत नीट झालंही.

पण तीच दुरुस्ती वापरून मोजलेले आकडे आम्ही दुसऱ्या एका गटाला दिलेले आहेत. त्यांना अजून काही कळलेलं नाही, आणि फरक इतका बारीक आहे की कदाचित कधी कळणारही नाही. वरच्यांचं म्हणणं, उगाच कशाला सांगायचं. शनिवार-रविवार त्यातच गेला. सोमवारी सकाळी त्यांना पत्र लिहिलं, चूक कोणाची आणि शोधली कोणी ते दोन्ही नावांनिशी.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.